दोघं आत, एक बाहेर

१

पक्ष्याला मोजता येत नाही, एवढ्या एका गोष्टीवर माझी सगळी फोटोग्राफी उभी होती.

म्हणजे धंद्याची नव्हे. धंदा माझा हिंगोलीत, स्टेशन रोडला. पासपोर्ट साइज, लग्नाचे अल्बम, बारशाचे फोटो. रोज शंभर चेहरे बघायचे आणि प्रत्येकाला 'हनुवटी थोडी वर' सांगायचं. या कामानं माणूस संशयी होतो. कोण खरं हसतंय आणि कोण उगाच दात दाखवतंय, हे मला काचेतून लगेच कळतं, आणि एकदा कळायला लागलं की घरीदारी तेच दिसत राहतं.

रविवारी मात्र शटर खाली. मी आणि माझी बायको मोहिनी एम-एटीवरून कनेरगाव नाक्याच्या अंगाला माळावर. 'लोक बायकोला पिक्चरला नेतात, आमचे हे मला पोत्यात नेतात,' असं ती माहेरी सांगायची आणि सगळे पोट धरून हसायचे.

पोतं म्हणजे लपण. पक्ष्याच्या जवळ बसून फोटो काढायचा तर माणूस दिसून चालत नाही. मोंढ्यातून हळदीची रिकामी पोती आणून मोहिनीनं दाभणानं शिवली होती आणि आम्ही ती चार बांबूंवर ताणली होती. पुढे लेन्सपुरतं भोक, मागे झाकण. आत दोन माणसं गुडघे जवळ घेऊन बसतील एवढीच जागा. तासभर बसलं की घामात हळद कालवली जायची, आणि घरी आल्यावर हात पुसायचा पंचा पिवळाधमक व्हायचा.

बसायची रीत मला रद्दीत मिळालेल्या एका इंग्रजी मासिकातून कळली. दक्षिण अमेरिकेतल्या गवताळ मैदानांवर आणि जंगलांत पक्ष्यांचे फोटो काढत हिंडणाऱ्या एका माणसाचा लेख होता. डिक्शनरी घेऊन मी तो वाचून काढला. तो म्हणतो, लपणात एकट्यानं शिरू नका. पक्षी लांबून बघत असतो. दोघांनी जा. मग एकानं उघडपणे बाहेर पडून निघून जा. पक्ष्याला वाटतं, आली ती माणसं गेली, आणि तो निर्धास्त होऊन परत येतो.

यातला दुसरा नियम जास्त कडक. आत राहिलेल्यानं आपणहून बाहेर यायचं नाही, मोठ्यानं हाकही मारायची नाही. बाहेरच्यानं परत येऊन झाकण उचलायचं, मग दोघांनी मिळून जायचं. रिकाम्या समजलेल्या पोत्यातून माणूस उगवताना पक्ष्यानं एकदा बघितला की त्याचा पोत्यावरचा विश्वास उडालाच. मी हे मोहिनीला इतकं बजावलं होतं की ती कानावर हात ठेवायची. "समजलं हो. आग लागली तरी तुम्ही आणायला आल्याशिवाय बाहेर येणार न्हाई." आणि खरंच यायची नाही. माझ्यापेक्षा ती चांगली बसायची. आमच्याकडचा चंडोलाचा सगळ्यात चांगला फोटो तिनंच काढलेला आहे.

२

हिंगोली जिल्हा झाला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट.

नाक्याच्या अलीकडे, तांड्यामागे, किसनसिंग नावाच्या शेतकऱ्याचं पडीक रान होतं. तिथे धाविकानं अंडी घातल्याचा निरोप त्यानंच दुकानात आणून दिला. धाविक म्हणजे लांब पायांचा, तांबूस, माळावरचा पक्षी. धावतो, थबकतो, मान खाली घालून काहीतरी टिपतो, पुन्हा धावतो. घरटं वगैरे काही बांधत नाही. उघड्या जमिनीवर ढेकळांच्या रंगाची दोन अंडी, बस्स. ऊन तापलं की अंडी शिजू नयेत म्हणून पक्षी त्यांच्यावर पंख जरासे उघडून सावली धरून उभा राहतो. मला तो फोटो पाहिजे होता. किती वर्षं पाहिजे होता ते मोहिनीला विचारा, असं मी तेव्हा म्हणालो असतो.

लपण एकदम जवळ लावलं की पक्षी अंडी टाकून जातो. म्हणून ते आधी लांब उभं करायचं आणि रोज थोडं थोडं पुढे सरकवायचं. ते काम किसनसिंगनं अंगावर घेतलं.

पहिल्या रविवारी सगळं बरोबर झालं. आम्ही दोघं आत शिरलो. थोड्या वेळानं मोहिनी बाहेर पडली, पदर झटकून रस्त्याकडे चालू लागली. ती गाडीपाशी पोचायच्या आत धाविक धावत, थबकत अंड्यांवर आलासुद्धा. उजेड वाईट होता म्हणून मी फारसे फोटो काढले नाहीत.

दुसऱ्या रविवारी तो आला नाही.

म्हणजे जवळ आला, आणि उभा राहिला. अंडी त्याच्यापासून चार हातांवर उन्हात उघडी पडलेली, आणि हा ताठ उभा राहून लपणाकडे बघतोय. मी लेन्स हलवली. एवढ्या हालचालीनं तो पळायला पाहिजे होता. पळाला नाही. लेन्सकडे त्यानं बघितलंच नाही. तो बघत होता माझ्या डाव्या अंगाला, जिथे मोहिनी बसून उठून गेली होती तिथे. पक्षी एका डोळ्यानं बघतो, त्यामुळे त्याची नजर नेमकी कुठे आहे हे सांगता येत नाही, एवढं मलाही कळतं. तरी मी मान वळवून डावीकडे बघितलं. पोतं होतं. दुसरं काय असणार!

अंडी भाजतील म्हणून मी जीव मुठीत धरून मोहिनीची वाट बघत बसलो. ती आली, झाकण उचललं. "बसलं का पाखरू?"

"नाही. तू कुठे रेंगाळलीस मधे?"

"मी? मी गाडीपाशीच उभी होते. तुम्हाला दिसत न्हवते का?"

दिसत होती. बाहेर आल्यावर मी लपण एकदा नीट बघितलं. डाव्या बाजूचं पोतं बाहेर फुगलेलं होतं, कुणीतरी आतून पाठ टेकून बसल्यावर फुगतं तसं. मी तळहातानं ते आत दाबलं. ऊन उजवीकडचं होतं, डावी बाजू सावलीत. तरी पोतं कोमट लागलं.

३

माझा पहिला संशय किसनसिंगवर गेला. नाही म्हटलं तरी रान त्याचं. दुपारच्या उन्हाचा आडोसा म्हणून तांड्यावरचं कुणीतरी आत जाऊन पडत असणार, विड्या ओढत असणार, आणि पक्षी बुजत असणार. दोन दिवसांनी मी एकटाच तांड्यावर गेलो. किसनसिंग बाजेवर बसून दोर वळत होता.

"पोत्यात कोणी बसतंय का रे मागं?" मी विचारलं.

"आमी काहून बसू भाऊ त्या भट्टीत?" तो हसला. "बाभळीची सावली सोडून? डोकं फिरलं का आमचं?"

"मग लपण एवढं पुढं कसं गेलं? मी सांगितलं होतं त्याच्यापेक्षा जवळ लावलंस तू."

त्यानं दोर खाली ठेवला. "मी? मी त दोनदाच सरकवलं. तिसऱ्या दिशी गेलो त ते पुढंच गेलतं. मला वाटलं तुमीच येऊन गेले. मंग मी हात लावला न्हाई."

मी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. हनुवटी सरळ, डोळे सरळ. खोटं बोलणारा माणूस असा नसतो, किंवा फार सराईत असतो. मी दुसरं धरून चाललो.

परत येताना मी लपणात एकटाच वाकून शिरलो. डाव्या कोपऱ्यातली माती दाबून दाबून गुळगुळीत झाली होती. मी बसलो होतो त्या जागी, तासभर बसूनही, अजून खडे टोचत होते.

४

माळाच्या वरच्या अंगाला एक टेकाड आहे. तिथे बनाबाई मेंढरं घेऊन बसायची. आमच्याच समाजातली, माझ्या आईच्या वयाची. खांद्यावर घोंगडं, हातात काठी, आणि नजर अशी की दीड कोसावरचं कोकरू कुणाचं ते सांगेल. तिनं मला खालून येताना बघून हात केला.

"फोटूवाले, बाईला जरा सांगा. उन्हाचं डोक्यावर पदर घेत जा म्हनाव."

"सांगतो," मी म्हणालो. "पण आज ती आली नाही. मी एकटाच आहे."

"आजचं न्हाई म्हनत मी. बेस्तरवारी. त्या पोत्यात बसल्या व्हत्या की, झाकन वर टाकून, उघड्या डोक्यानं. मी हाक मारली त व्हय न्हाई की न्हाई न्हाई."

"कोण बसलं होतं?"

"आता कोन म्हनजे? तुमची बाई. हिरवं पातळ न्हाई का त्यांचं? रोजच येतात की. तुमी आयतवारी येता, त्या बाकीच्या दिशी येतात. मला वाटलं, पाखराला सवय लावून राहिल्या."

मी हसून वेळ मारून नेली. वय झालं, डोळ्यात मोतीबिंदू असेल, हिरवं म्हणजे बाभळीचं झुडूप असेल, असं सगळं मी एम-एटीला किक मारता मारता मनाशी म्हणून घेतलं. पण मघाशीच तिनं माझ्या शर्टाचं तुटलेलं बटण लांबून ओळखलं होतं आणि बायकोला टाका घालायला सांगा म्हणाली होती.

५

आता संशय मोहिनीवर.

सांगायला लाज वाटते असं काही नाही; बायको रोज कुठे जाते हे नवऱ्याला दुसऱ्यानं सांगितलं तर कुणाचंही डोकं तापेल. मी दुकानात असतो तेव्हा ती वाशीमकडची एसटी पकडून नाक्याला उतरते? कशाला? कुणाला भेटायला? मी विचारलं नाही. संशयी माणूस विचारत नाही, बघत बसतो. तिच्या चपलांना माळाची माती दिसते का ते बघितलं. हिरवी साडी खुंटीवर कशी लटकते ते बघितलं. आणि दुकानातून अधूनमधून घरी फोन लावायला लागलो.

"हॅलो," ती उचलायची.

"काही नाही. कुकर लावलास का?"

"काहून हो, रोज कुकरच्या मागं लागलात? गिऱ्हाईक न्हाई वाटतं दुकानात!"

गुरुवारी, म्हणजे बनाबाईच्या बेस्तरवारी, मी सकाळी, दुपारी, उन्हं कलताना, तिन्ही वेळा फोन केला. तिन्ही वेळा तीच. मागे कुकरची शिट्टी, शेजारच्यांचा रेडिओ. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक सोडून माळावर गेलो आणि बनाबाईला गाठलं. "काल आली होती का आमची बाई?"

"व्हय की. दिसभर व्हत्या."

त्या रात्री जेवताना मी मोहिनीला सगळं सांगून टाकलं. ती आधी हसली. 'मी कशाला मरायला जाऊ तिकडं एकटी' म्हणाली. मग तिनं हातातला घास ताटात ठेवला.

"मी एक सांगू का? हसू नका."

"सांग."

"त्या रविवारी, पाखरू बसलं न्हाई त्या दिवशी. मी बाहेर पडून रस्त्याकडं चालले होते. मागं वळून बघितलं त पोत्याच्या बाजूनं तुम्ही हात बाहेर काढून हलवत होते. जा जा करून. मला वाटलं, आज काय लाडात आलेत."

"मी हात काढला नव्हता."

"मला बी गाडीपाशी गेल्यावर वाटलं तसं," ती म्हणाली. "हातात बांगड्या होत्या."

मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. माझी आयुष्यभराची विद्या मी त्या एका चेहऱ्यावर लावली. ती घाबरली होती, आणि खरी घाबरली होती. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू! तिच्यावरचा संशय एका झटक्यात गेला, आणि त्याच्या जागी राग आला. कुणीतरी बाई आमच्या लपणात बसते, आमच्या मोहिनीसारखी साडी नेसून आम्हाला खेळवते. तिला पकडायचं.

"आता नको जायला," मोहिनी म्हणाली.

"अंडी दोन-चार दिवसांत फुटतील. मग पिल्लं पळून जातात. हा एकच रविवार." मी सांगितलं. "या वेळी मी बाहेर राहतो. टेकाडावर बनाबाईपाशी बसतो, दुर्बीण घेऊन. कोण येतं, कोण जातं, सगळं दिसेल. तू फक्त आत बस आणि मला फोटो काढून दे."

"आन् ती आली त?"

"दिवसाढवळ्या? मी समोर असताना?"

तिनं ताट बाजूला सारलं. "बसते," ती म्हणाली. "पण तुम्ही आणायला लवकर या."

६

रविवारी सकाळी आम्ही दोघं आत शिरलो. डावा कोपरा रिकामा होता. मी हातानं चाचपून बघितलं. मोहिनीला मी माझ्या जागी, उजवीकडे बसवलं, कॅमेरा लावून दिला, आणि बाहेर पडून टेकाडाकडे चालू लागलो. मी मागे वळून बघितलं नाही. बघायचं नव्हतं असं नाही, मान वळेना.

बनाबाईनं घोंगड्याचं टोक माझ्यासाठी पसरलं. मी दुर्बीण लावली. खाली लपण, त्याच्या पुढे अंडी, चहूकडे उघडा माळ. कुत्रंसुद्धा आडोशाला लपू शकलं नसतं. वाशीमच्या रस्त्यावरून ट्रक जात होते, त्यांचा आवाज वाऱ्यावर येत-जात होता. धाविक धावत आला, थबकला, पुन्हा धावला, आणि अंड्यांपासून चार हातांवर ताठ उभा राहिला.

"बसत न्हाई वाटतं," बनाबाई म्हणाली.

"आत कोणीच गेलं नाही ना? तुम्हीही बघताय ना?"

"कोन न्हाई गेलं. तुमी दोघं गेले, तुमी आले."

मग लपणाचं झाकण वर झालं आणि मोहिनी बाहेर आली.

ती वाकून बाहेर पडली, हिरव्या साडीच्या निऱ्या झटकल्या, आणि सरळ टेकाडाकडे चालत आली. माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं सांगतोय, आणि नेमकं आज! ती वर येऊन पोचली तसा मी ओरडलो, "बाहेर का आलीस? मी आलो असतो ना आणायला!"

"कंटाळा आला," ती म्हणाली. "चला घरी."

"कॅमेरा?"

"राहू द्या."

मोहिनीनं कॅमेरा माळावर टाकून येणं म्हणजे दुसऱ्या कुणी लेकरू टाकून येण्यासारखं होतं. घाबरली असेल, मी म्हणालो मनाशी. घाबरलेली मात्र दिसत नव्हती. तिनं माझं मनगट धरलं. हात गार होता.

बनाबाई उठली. तिनं घोंगडं माझ्या खालून ओढून घेतलं, मेंढरांना हाळी दिली आणि टेकाडाच्या पलीकडच्या अंगानं उतरू लागली. तिनं मोहिनीकडे बघितलं नाही, मोहिनीनंही तिच्याकडे बघितलं नाही. दोघी एरवी भेटल्या की अर्धा तास सुटत नसत.

मी पुन्हा दुर्बीण लावली. पक्षी अजून उभाच होता. लपणातून माणूस उघड निघून आला होता, पोतं रिकामं होतं, अंडी तापत होती, आणि पक्षी बसत नव्हता.

भोकातली लेन्स हलली. खाली अंड्यांकडे होती ती हळूहळू वर आली, आणि टेकाडाकडे, आमच्याकडे वळून थांबली.

७

"आत कोण आहे?" मी विचारलं.

"कोन असणार?" ती म्हणाली. "चला ना."

मी खाली उतरू लागलो. ती मनगट न सोडता माझ्याबरोबर आली. धाविक लांब पळाला. आम्ही लपणाच्या मागे, झाकणापाशी उभे राहिलो. हळदीचा वास येत होता. आत कुणीतरी श्वास घेत होतं.

"अहो," आतून आवाज आला. दबका, पक्षी बुजू नये म्हणून आम्ही बोलायचो तसा. "आलात का?"

आवाज मोहिनीचा होता. मी बाजूला बघितलं. मोहिनी माझ्या शेजारी उभी होती. चेहरा तिचा, कपाळावरचं गोंदण तिचं, उन्हात मिचकावलेले डोळे तिचे. तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि नकारार्थी मान हलवली.

"एकटेच आलात ना?" आतला आवाज म्हणाला. "मघाशी टेकाडावर तुमच्यापाशी कोण उभं होतं? मला भोकातून दिसलं. मी लेन्स लावून बघितलं. अहो, बोला ना. झाकण उचला."

मी झाकणाकडे हात नेला. माझ्या शेजारची माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "नीट विचार करा. मी ही इथं उन्हात उभी हाय, तुम्हाला दिसून राहिले. आत कोन बसतं, ते तुम्हाला ठाऊक हाय."

मी विचार केला. देवाशपथ सांगतो, तेवढ्या वेळातही मी विचार केला. लपणात काहीतरी बसतं, हे पक्ष्याला माहीत होतं, बनाबाईला माहीत होतं, मला माहीत होतं. ते आत असतं. जी बाहेर आहे, तिचा मला चेहरा दिसतोय. आत आहे त्याचा फक्त आवाज.

पोत्याच्या खालच्या कडेतून बोटं बाहेर आली. चाचपडत, मातीवरून सरकत माझ्या बुटाकडे येत होती. पिवळी, मनगटात हिरव्या बांगड्या.

मी पळालो. पळताना मनगट तिच्या हातात होतं की तिचं माझ्या हातात, ते सांगता येणार नाही. मागे कुणी ओरडलं नाही. गाडी एका किकमध्ये सुरू झाली, मागे वजन बसलं, आणि हिंगोलीत शिरेपर्यंत मी आरशात बघितलं नाही.

८

मोहिनी घरी आहे. सकाळी उठते, चहा ठेवते. चहा तसाच, आलं जरा जास्त. शेजाऱ्यांना काही वेगळं वाटत नाही. तिच्या माहेरच्यांना काही वेगळं वाटत नाही. मी तिचे नव्यानं पासपोर्ट फोटो काढले, काहीतरी कारण सांगून, आणि जुन्यांशेजारी ठेवून भिंगातून बघितले. एक केस वेगळा नाही.

घरी आलो त्या दिवशी पंचा पिवळा झाला नव्हता, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. पण ती आत बसली होती किती वेळ? तेवढ्यात कुठे घाम येतो!

पहिली मोहिनी मी आल्याशिवाय जेवत नसे. मला कितीही उशीर झाला तरी झाकलेलं ताट समोर घेऊन बसायची. ही जेवून घेते. डॉक्टरांनी पित्तासाठी वेळेवर जेवायला सांगितलंय, असं ती म्हणाली, आणि तिला पित्त आहे, हेही खरं. मी 'पहिली' म्हणालो का? तसं म्हणायचं नव्हतं मला.

त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी मी एकटा गेलो होतो. जवळ नाही, टेकाडापर्यंत. दुर्बीण लावली. अंडी तशीच उन्हात होती. धाविक चार हातांवर उभा होता. मी तिथूनच परत फिरलो. कॅमेरा चोरीला गेला असं सगळ्यांना सांगितलं, आणि रविवारी दुकान उघडं ठेवायला लागलो.

एकच गोष्ट मला झोपू देत नाही. आत जर मोहिनी असती, तर मी पळालो तेव्हा ती ओरडली असती, धावत बाहेर आली असती, असं मी स्वतःला समजावतो. आणि मग आठवतं की तिला बाहेर यायला आणि हाक मारायला मी बंदी घातली होती.

पावसाळा गेला, ज्वाऱ्या निसवल्या. हिंगोलीच्या बाजारात बनाबाई भेटली. मोहिनी पलीकडच्या ढिगावर वांगी निवडत होती. बनाबाईनं तिच्या पाठीकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला.

"फोटूवाले, पोतं त पावसात कुजून गेलं. बांबू बी किसनसिंगनं नेले."

"बरं झालं," मी म्हणालो.

"बरं काय? बाई बसल्यात न उघड्यावर. तशाच, गुडघे जवळ घेऊन." तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "मी रोज म्हनते, चला बाई, उठा, माज्या घरी चला. त मला म्हनतात, ते आनायला येतील. कवा येता?"

 पलीकडे मोहिनी वांगी घेऊन माझी वाट न बघता पुढे निघाली होती. मी पिशवी उचलली आणि तिच्या मागे चालू लागलो.